पालवणकर बाळू : पुण्याच्या मातीतला पहिला मोठा क्रिकेटपटू

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गहुंजे मैदानावर भारत-न्यूझीलंड कसोटी सामना झाला. मिचेल सँटनर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पहिल्या डावात ७ आणि दुसऱ्या डावात ६ असे १३ बळी घेतले. भारत ११३ धावांनी हरला आणि १२ वर्षांनंतर मायदेशात मालिका गमावण्याची पाळी आपल्यावर आली. त्याआधी २०१७ साली याच मैदानावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह ओकीफ, तोही डावखुरा फिरकीवालाच, दोन्ही डावांत ३५ धावांत ६-६ बळी घेऊन गेला होता. भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले होते.

विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत रबर-बॉलने खेळणाऱ्या आपल्या पोरांना हे सगळे आकडे तोंडपाठ आहेत. त्यातल्याच एकाने आम्हाला विचारलं, "काका, पुण्याच्या मातीत डावखुऱ्यांचं काय आहे हो?" मातीचं आम्हाला काही कळत नाही. पण डावखुऱ्या फिरकीचं म्हणाल तर हिंदुस्थानातला त्या प्रकारचा पहिला मोठा गोलंदाज पुण्याच्याच लष्कर भागात, मैदान झाडता झाडता तयार झाला, एवढं आम्ही त्याला सांगितलं. त्यांचं नाव पालवणकर बाळू. नाव ऐकून पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मोठ्यांपैकीही दोघा-तिघांनाच माहीत होतं.

म्हणून यंदाच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बाळूंवर लिहायचं आम्ही ठरवलं. आणि ठरवल्याबरोबर समितीत वाद झाला. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "जो माणूस इलेक्शनला बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, त्याच्यावर आपल्या पुस्तकात लेख कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाण्याचा आमचा विचार नाही. त्या निवडणुकीपर्यंत आपण येणारच आहोत. पण आधी मैदानावरचं पाहू.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदारही लष्करातलेच. त्या काळी अस्पृश्य समाजाच्या पोरांना शाळेचं, इंग्रजीचं किंवा खेळाचं जे काही तोंड दिसलं ते पुष्कळदा या छावणीच्या आडोशानेच दिसलं, हे आपल्या घरोघरच्या जुन्या माणसांना सांगायला नको. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम पिच झाडणे आणि रोलर फिरवणे, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले, तिथे ४ रुपये मिळू लागले. तिथेही रोलर, झाडू, नेट लावणे, टेनिस कोर्ट आखणे हीच कामे. पण साहेबांना नेटमध्ये सरावासाठी कोणीतरी बोलिंग टाकणारा हवा असे. असा हा गडी बोलिंग टाकू लागला. कॅप्टन जे. जी. ग्रेग म्हणून एक इंग्रज अधिकारी त्या वेळचा नामी बॅट्समन होता. तो तासाभराने लवकर येऊन एकट्या बाळूंकडून बोलिंग टाकून घेई. आणि बाळूंनी त्याला आउट केले की दर वेळेला आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. महिन्याला चार रुपये पगार आणि विकेटला आठ आणे! पण इतकी वर्षे त्या क्लबात शेकडो तास बोलिंग टाकूनही बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. बॅटिंग ही साहेबांची मौज होती, बोलिंग ही गड्याची मेहनत होती. या मेहनतीतूनच त्यांचा हात असा तयार झाला की चेंडू दोन्हीकडे वळायचा, कमी-जास्त वेगाने यायचा आणि टप्पा मात्र हलायचा नाही.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला साहेबांच्या क्लबाशी मॅच जिंकायची होती आणि बाळूंसारखा बोलर गावात दुसरा नव्हता. तरी अस्पृश्याला संघात घ्यायचे की नाही यावर खल झाला. काहींचा पाठिंबा होता, काहींचा कडवा विरोध. शेवटी घेतले. ग्रेगनेसुद्धा, या माणसाला बाहेर ठेवणे मूर्खपणाचे होईल, असे जाहीरपणे सांगितले होते. बाळूंना संघात घेतले, पण ते कसे घेतले ते आपल्या मुलांनी समजून घ्यायला हवे. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंच्या हातातला चेंडू झेलत, त्यांच्याकडे फेकत. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत आणि बाळू तंबूच्या बाहेर. बाकीच्यांना कपबशी, बाळूंना फेकून देण्याचे मातीचे बोळके. जेवणाला वेगळे ताट, वेगळी जागा. तोंड धुवायचे तर अस्पृश्य गडी पाणी आणून देणार. जुन्नर-आंबेगावच्या बाजारगावांत हॉटेलाच्या वळचणीला वेगळी कपबशी असायची आणि ती आपणच विसळून ठेवायची, हे आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेले आहे. बाळूंचे बोळके त्याच जातीचे. फरक एवढाच की बोळके घेऊन बाहेर उभ्या असलेल्या या माणसाने अर्ध्या तासापूर्वी तंबूतल्या लोकांना मॅच जिंकून दिलेली असायची.

साताऱ्याची एक मॅच फार गाजली. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंची फिरकी चालू नये म्हणून कित्येक दिवस आधीपासून पिचवर रोलर फिरवून ते दगडासारखे केले होते. पण ज्या माणसाचे अर्धे आयुष्य रोलर ओढण्यात गेले त्याला पिच काय फसवणार? बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुणेकर जिंकून आले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असा सवाल टाकला. टिळकांनीही पुढे त्यांचा गौरव केला. काही ठिकाणी बोळके बंदही झाले. विकेटी मिळाल्या तेव्हा कुठे पंगतीत पाट मिळाला, असा तो मामला होता.

प्लेगच्या साथीच्या सुमारास बाळू मुंबईला गेले. आपल्याकडची माणसे मिलमध्ये, गोदीत, रेल्वेत पोटासाठी गेली तशीच. तेही बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत लागले आणि रेल्वेकडून व पी. जे. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. शिवराम बरोबर होतेच. मागाहून विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही आले. चौघे भाऊ आणि चौघेही वरच्या दर्जाचे खेळाडू!

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईला हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. म्हणजे राज्यकर्ते साहेब १०९ धावांनी हरले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते आणि बाळूंच्या बोलिंगचा त्या विजयात मोठा वाटा होता. आदल्याच वर्षी जपानने रशियाचा पराभव केला होता. वर्तमानपत्रांनी या मॅचची तुलना थेट त्या युद्धाशी केली. समाजसुधारक मंडळींनी आणखी एक गोष्ट लिहिली ती अशी की, मुंबईच्या जिमखान्यात हे दोघे भाऊ इतरांच्या बरोबरीने जेवतात, आणि हा विजय त्याचाही आहे. त्या काळाच्या मानाने ही फार पुढची गोष्ट होती.

यानंतर १९११. त्या वर्षी अखिल हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. कसोटीचा दर्जा अजून २१ वर्षे दूर होता, पण आपल्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटची सुरुवात इथूनच धरायला हरकत नाही. संघ धर्मावर वाटून निवडला होता. ६ पारशी, ५ हिंदू, ३ मुसलमान आणि कप्तान पतियाळाचे महाराज. त्या पाच 'हिंदूं'पैकी दोघे बाळू आणि शिवराम! म्हणजे ज्यांना गावच्या देवळात पाय ठेवता येत नव्हता ते विलायतेत हिंदूंचे प्रतिनिधी. महाराजांना लंडनच्या मेजवान्यांतून मैदानावर यायला सवड थोडी होती. संघ पुष्कळ मॅचेस हरला. पण बाळूंनी त्या एका उन्हाळ्यात सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. वय तेव्हा पस्तिशीचे. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी घेतले. लेस्टरशायर काउंटीला हरवून संघाने त्या दौऱ्यातला काउंटीवरचा पहिला विजय मिळवला. त्यात बाळूंचे ११ बळी. त्यानंतर सॉमरसेटशी सामना झाला तो एका विकेटने जिंकला आणि त्यात शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या. एक विकेट राखून विजय, आणि दुसऱ्या टोकाला शेवटचा गडी! टी. व्ही. असता तर त्या दिवशी काय झाले असते कोण जाणे.

संपूर्ण कारकीर्दीचे आकडे इथे एकदाच देऊन टाकतो. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. आज इंटरनेटवर कोणीही बघून घ्यावे.

दौऱ्याहून परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सभेतले मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते असे सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. आपल्या समाजातला माणूस विलायतेत जाऊन साहेबांच्या दांड्या उडवून येतो, ही बातमी त्या काळी चाळीचाळीत काय आनंदाने सांगितली गेली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

मग कप्तानकीचे काय? विहारातल्या पोरांनी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला. बाळू सगळ्यांत ज्येष्ठ, सगळ्यांत जास्त बळी त्यांचे, विलायत गाजवून आलेले. तरी हिंदू संघाची कप्तानकी त्यांना एकदाही मिळाली नाही. कप्तान झाले एम. डी. पै. मात्र पैंचा मोठेपणा असा की १९१३ साली स्वतःच्या सत्कारातच, हा मान खरा बाळूंचा होता, असे त्यांनी सांगून टाकले. टाळ्या पडल्या, निर्णय बदलला नाही.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. पै आजारी पडले तेव्हा नेतृत्व डी. बी. देवधरांकडे गेले. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही, पुढे त्यांच्या नावाची ट्रॉफीही खेळली गेली. पण पालवणकर बंधूंपेक्षा ते धाकटे होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी तेव्हा जे केले ते आम्हाला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी इनिंग वाटते. दोघांनी पत्रक काढले, जातीमुळे आम्हाला डावलले जाते असे छापून सांगितले आणि संघातून बाहेर पडले. रोजीरोटी, नावलौकिक सगळे त्या खेळावर अवलंबून असताना बाहेर पडले! महाडचा सत्याग्रह अजून सात वर्षे पुढे होता. लोकांत चर्चा झाली, दबाव आला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावले आणि बाळूंना उपकप्तान केले. पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. इतक्या वर्षांच्या चाकरीला कप्तानकी मिळाली ती अशी उसनवारीची.

पूर्ण कप्तानकी घरात आली ती १९२३ साली, विठ्ठल यांच्या रूपाने. त्यांच्या हाताखाली ब्राह्मण खेळाडू खेळले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. १९२६ साली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ मुंबईत आला तेव्हा सी. के. नायडूंनी ११ षटकार मारून १५३ धावा काढल्या, ती मॅच क्रिकेटच्या प्रत्येक पुस्तकात असते. त्या दिवशी नायडूंचा कप्तान कोण होता हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. विठ्ठल पालवणकर होते.

आता त्या ज्येष्ठ उपासकांच्या प्रश्नाकडे येऊ.

१९३२ च्या जून महिन्यात भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला, कप्तान नायडू. त्याच वर्षी सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार. अस्पृश्यांना मिळालेले स्वतंत्र मतदारसंघ वाचवण्यासाठी बाबासाहेब एकटे झुंजत होते. बाळू त्या वेळी दुसऱ्या बाजूला होते. एम. सी. राजा यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली. पुणे करारावरच्या सह्यांमध्ये पी. बाळू ही सही आहे. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळूंनी विरोध केला. आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात बाळूंनाच उभे केले. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांचा फरक.

फरक थोडा आहे, हेही लिहिले पाहिजे. काँग्रेसने बाळूंना का निवडले हे उघड आहे. बाबासाहेबांसमोर अस्पृश्य समाजातले दुसरे कोणतेही नाव टिकले नसते. गल्लीगल्लीत ज्याच्या बोलिंगच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या असे हे एकच नाव होते. आयुष्यभर कप्तानकी न देणाऱ्यांना आमच्यातलाच एक उमेदवार म्हणून बाळूंची आठवण नेमकी तेव्हा झाली, असे आमचे मत आहे. समितीतल्या एकाचे मत याहून कडक आहे, एकाचे सौम्य आहे. बाळूंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की ज्या माणसाने मातीच्या बोळक्यापासून पंगतीच्या पाटापर्यंत आपल्या कर्तबगारीने मजल मारली, त्याला हिंदू समाज असाच हळूहळू सुधारेल असे वाटले असावे. त्यांच्या स्वतःच्या जिमखान्याचा अनुभव मात्र त्याच्या उलट साक्ष देतो. वीस वर्षे बळी घेऊनही त्यांना जे मिळाले नाही ते कोणी आपणहून देणार नव्हते, हे धाकट्या भावांनी १९२० सालीच ओळखले होते.

एका बाजूचे लोक बाळूंना 'पहिला दलित क्रिकेटपटू' म्हणून हार घालतात आणि १९३७ गाळतात. दुसऱ्या बाजूचे १९३७ सांगतात आणि १९११ गाळतात. आमच्या पोरांना दोन्ही सांगायचे ठरले. ज्येष्ठ उपासकांनी लेख वाचून पाहिला आणि "सही सुद्धा छापा" एवढेच म्हणाले. म्हणून ती वर छापली आहे.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची धम्मदीक्षा सव्वा वर्षाने झाली.

रोलरची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. ज्या हिंदू जिमखान्याकडून बाळू खेळले त्याच जिमखान्याच्या मैदानावर पुढे एकनाथ सोलकर यांचे वडील माळी होते, आणि सगळे कुटुंब मैदानाच्या कडेला एका खोपटात राहत होते. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर भारताने इंग्लंडमध्ये पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. त्या डावात सोलकर यांनी वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल बॅटच्या अगदी तोंडाशी जमिनीवर सूर मारून घेतला. डोक्यावर हेल्मेट नाही, काही नाही. २७ कसोटींत ५३ झेल, ते बहुतेक असेच. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी त्या मॅचची कॉमेंट्री ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकलेली आहे आणि तो झेल आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात.

शेवटी एक विनंती. विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. आज दुकानात ते मिळत नाही. आपल्याकडची किती तरी कुटुंबे मुंबईच्या चाळींतून पेटी-बिछान्यासकट गावी परतली. कोणाच्या आजोबांच्या पेटीत हे पुस्तक किंवा त्या काळची मॅचची कात्रणे असतील तर विहाराच्या वाचनालयात आणून द्यावीत. झेरॉक्स काढून मूळ प्रत आठ दिवसांत परत केली जाईल. वाचनालय रोज संध्याकाळी वंदनेनंतर उघडे असते.